भैरी टेकडीचा संडास

वागळे इस्टेटच्या पाठीमागे डोंगराला चिकटून जी वस्ती आहे, तिला भैरी टेकडी म्हणतात. तिथला जुना संडास पाडायचा, आणि तोही पुरता पाडायचा, हे कलावती धुमाळने ठरवलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे वस्तीत ज्याने त्याने आपल्या सोयीने ही गोष्ट सांगितली. कुणी म्हणालं कॉन्ट्रॅक्टरने घोळ घातला, कुणी म्हणालं सरकारने, आणि काही जण तर थेट चीनपर्यंत जाऊन आले. कलावतीने मात्र दुसऱ्या कुणाकडे एकदाही बोट दाखवलं नाही. तेवढी ती सरळ बाई होती.

संडास होता तरी कसला! वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी निवडणुकीच्या तोंडावर बांधलेला. दारांचे पत्रे खालून कुजलेले, कड्या केव्हाच भंगारात गेलेल्या, दिवा तर कधी लागलाच नाही. त्यामुळे टेकडीवरच्या बायका एकेकट्या जात नसत. एक आत बसायची, दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. कुणाचं दार कोण धरतं यावरून कुणाचं कुणाशी सख्य आहे ते कळे. सासू-सुनांची भांडणं झाली की आधी दार धरणं बंद व्हायचं, बोलणं नंतर. कलावतीचं दार तुळसा महाडिक धरायची. तुळसा तिच्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, महाडकडची, नवरा गेल्यापासून मुलाकडे राहणारी. दोघी पहाटे बरोबर निघायच्या आणि परत येईपर्यंत अख्ख्या गल्लीच्या बातम्या सांगून संपलेल्या असायच्या.

कलावती बचत गटाची अध्यक्ष होती, बोलायला खमकी होती आणि तिला एकच वेड होतं: संडासाचा निधी. पाच वर्षं ती त्या निधीच्या मागे होती. नगरसेवकाचं ऑफिस झालं, प्रभागाची कचेरी झाली, मंत्रालयाच्या दारात उन्हात उभं राहून झालं. घरात निधीचं नाव इतकं निघायचं की तिचा नवरा धोंडीबा, जो इस्टेटमधल्या एका कारखान्यात वॉचमन होता, लोकांना सांगायचा, ‘आमच्याकडे निधी नावाची पाहुणी यायचीय. पाच वर्षं स्टेशनावरच आहे.’

आणि एका थंडीत निधी खरंच मंजूर झाला. दोन मजले, वर बायकांसाठी वेगळी सोय, आत नळ, आत दिवा, आतून कडी. टेकडीवर पेढे वाटले गेले. कलावती त्या रात्री झोपली नाही म्हणतात, आणि त्यात नवल काही नाही.

काम मिळालं ते उत्तम नावाच्या कॉन्ट्रॅक्टरला. कल्याणचा माणूस, गोड बोलणारा. मार्चअखेरीच्या आत काम सुरू झालं नाही तर निधी परत जाईल, म्हणून तोही घाईत होता. त्याने जागा बघितली आणि सुचवलं की आधी अर्धा पाडू, तेवढा बांधू, मग उरलेला अर्धा. म्हणजे लोकांची अडचण होणार नाही. कुणीही शहाणा माणूस हेच सुचवेल. पण कलावतीने सरकारी अर्धी कामं जन्मभर बघितली होती. टेकडीवरचं गटार अर्धं, पायऱ्या अर्ध्या, समाजमंदिराचे तर नुसते खांब. त्या खांबांना आता वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या होत्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

“अर्धा ठेवलात की तुम्ही अर्धाच बांधणार,” ती उत्तमला म्हणाली. “पुरता पाडा. काही उरलंच नाही तर बांधल्यावाचून गत्यंतर नाही, तुम्हालाही आणि सरकारलाही.”

लोक जाणार कुठे, असं त्याने विचारलं. त्याचीही सोय तिने करून ठेवली होती. कचेरीतून फिरत्या संडासाच्या दोन गाड्या सोमवारी यायच्या होत्या. बुधवारी गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांतला एक. जुन्या घाणीवर नव्याचा नारळ फोडायचा नाही, जागा स्वच्छ करून पाडव्याला पाया खणायचा, असं तिने बैठकीत जाहीर केलं. हो, जाहीर केलं. बायकांनी माना डोलावल्या. कलावतीपुढे टेकडीवर कोण बोलणार?

शनिवारी संडास पाडला. जेसीबी त्या चढावर येत नाही, म्हणून वस्तीतलेच बाप्ये घण घेऊन भिडले. वर्षानुवर्षं ज्या भिंतींना शिव्या घातल्या त्या पाडताना कुणाला दम लागला नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. संध्याकाळपर्यंत तिथे विटांचा ढीग आणि उघडी पडलेली टाकी, एवढंच राहिलं. रविवारी सगळ्या देशाने घरात बसायचं होतं, ते बसून झालं. संध्याकाळी थाळ्या वाजवायच्या होत्या, त्या लोकांनी त्याच ढिगावर चढून वाजवल्या.

सोमवारी गाड्या आल्या नाहीत.

कलावतीने फोन केला, तर कळलं की गाड्यांचे ड्रायव्हरच कामावर आलेले नाहीत. जमावबंदी लागली होती. मंगळवारी रात्री टीव्हीवर सांगितलं की आजपासून सगळं बंद. रेल्वे बंद, कारखाने बंद, कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. टीव्हीसमोर बसलेल्या धोंडीबाने मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती एकटक पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती घरं मोजत होती. तीनशे घरं, आणि संडास नाही.

पाडव्याला तिने दारात गुढी उभारली. साखरेची गाठी तिच्या हातून दोनदा खाली पडली.

पुढचे दिवस लिहायलाही बरे वाटत नाहीत. एरवी निम्मे पुरुष कारखान्यातच उरकून येत. बायका जिथे धुणीभांडी करत तिथे एखादी मालकीण जाऊ द्यायची. आता सगळे टेकडीवर, सगळा दिवस. नाल्यापलीकडच्या वस्तीत संडास होता, पण त्यांनी रोगाच्या भीतीने बांबू आडवे बांधले आणि पहारा बसवला. त्यांचं तरी काय चुकलं? पुरुष खाली रस्त्याकडे गेले की पोलिसांच्या काठ्या खात. बायका उजाडायच्या आत डोंगरात जात. वरच्या जंगलात बिबट्या फिरतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण बिबट्यापेक्षा उजाडण्याची भीती जास्त होती. बायकांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. मग पाणी सोडलं. उन्हाळ्याच्या ऐन तलखीत वयात आलेल्या पोरी कोरड्या ओठांनी बसून राहत आणि त्यांच्या आया कलावतीच्या दारावरून जाताना थुंकत.

“मी म्हणायचो ना,” धोंडीबा एकदा म्हणाला, “एक दिवस अख्खी टेकडी तुझं नाव घेईल.” बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं आणि त्याने तिला चहा करून दिला. तिने तो प्यायला नाही. तीही पाणी तोडून राहत होती.

तिच्याशी नीट बोलणारी एकटी तुळसा उरली. पाडल्यापासून एकदाही तिने ‘तू असं का केलंस’ म्हटलं नव्हतं. पहाटे हातात टमरेल घेऊन ती कलावतीच्या दाराशी यायची, नेहमीसारखी, आणि दोघी डोंगर चढायच्या. फक्त आता गप्पा होत नसत.

कलावती फोन करत राहिली. उत्तम म्हणाला, मजूर चालत गावाला निघाले. कसाऱ्याच्या वाटेने खडवलीपर्यंत पोचलेसुद्धा, त्यांना आता कोण परत आणणार? कचेरीत फोन उचलत नव्हते. मे महिन्यात कचेऱ्या थोड्या उघडल्या, तशी ती तोंडाला ओढणी बांधून चालत तिकडे गेली. बांधकाम खात्यात आसावरी मॅडम म्हणून एक इंजिनिअर होत्या, डोंबिवलीहून येणाऱ्या, शांत स्वभावाच्या. निधीच्या फायलीसाठी कलावती त्यांच्याकडे कितीदा तरी आली होती. त्यांनी तिला प्लास्टिकच्या पडद्यापलीकडे उभं केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी सांगितलं की तिजोरीत पैसा नाही. सरकारने सगळी नवी कामं थांबवली आहेत.

आमचं काम नवं नाही, पाडून झालंय, असं कलावती म्हणाली. मॅडम म्हणाल्या की बांधकाम सुरू झालेलं नाही म्हणजे नवंच. पाडणं हे कागदावर सुरू होणं धरत नाहीत. कलावतीला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. तिने पुन्हा विचारलं, आणि उत्तर पुन्हा तेच आलं. सूट फक्त आरोग्याच्या कामांना आहे.

“मॅडम, संडास आरोग्याचा नाही तर कशाचा आहे?”

आसावरी मॅडमनी फाईल उघडली, मिटली. मग हळूच विचारलं, “तुमच्या वस्तीत पेशंट किती आहेत?”

“एकही नाही,” कलावती म्हणाली. त्यात अभिमान होता. एवढ्या हालातही टेकडीने रोग वर चढू दिला नव्हता, आणि तेवढीच एक चांगली गोष्ट तिच्याकडे सांगायला होती.

“मग कठीण आहे, ताई.” मॅडम पडद्यापलीकडून खाली बघत बोलत होत्या. “पेशंट असता, वस्ती सील झालेली असती, तर मी साथ रोखण्याचं तातडीचं काम म्हणून प्रस्ताव आजच वर पाठवला असता. दोन दिवसांत गाड्या आल्या असत्या. महिन्यात बांधकाम. मी हे बोलायला नको खरं तर. पण आहे हे असं आहे.”

पाच वर्षांत कलावतीने कचेरीतली नाना कारणं ऐकली होती. सही राहिली, साहेब रजेवर, नकाशा चुकला. पण तुम्ही आजारी नाही म्हणून तुमचं काम होत नाही, हे कारण तिने आजवर ऐकलं नव्हतं. ती जिना कशी उतरली, इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवरून घरी कशी आली, ते तिला नंतर आठवेना. फक्त एक आठवत होतं. चालता चालता तिच्या मनात एक नाव आलं होतं, आणि ती ते झटकत होती, आणि ते पुन्हा येत होतं.

तुळसाला चार-पाच दिवस खोकला होता.

टेकडीवर खोकला लपवण्याची रीतच पडली होती. खोकणाऱ्याला गाडी घेऊन जाते, कुठे नेते कळत नाही, आणि गेलेला माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळून परत येतो किंवा येतच नाही, असं सगळे धरून चालले होते. तुळसाची सून लक्ष्मी खिडकी लावून घ्यायची आणि सासूला काढे पाजायची. डोंगर चढताना तुळसा मध्येच थांबायची आणि म्हणायची, धुळीने होतंय. कलावतीही म्हणायची, धुळीनेच. इतके दिवस तिला खरंच तसं वाटत होतं की तसं वाटायला हवं होतं, हे देव जाणे.

त्या संध्याकाळी ती मोरीत जाऊन उभी राहिली आणि तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. मनाशी तिने कारणं नीट रचली होती. तुळसाला खरंच रोग असेल तर उपचार होतील. नसेल तर परत पाठवतील. लक्ष्मीच्या घरात लहान मूल आहे. सगळी कारणं खरी होती. पण माणूस खरी कारणं रचायला लागला की समजावं, खरं कारण वेगळंच आहे. पलीकडून बाईने नाव विचारलं, वय विचारलं, गल्ली विचारली, आणि कळवणाऱ्याचंही नाव विचारलं. कलावतीने सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं पायऱ्या चढून वर आली, तशी गल्लीतली दारं धडाधड लागली. कलावतीनेही लावलं. फटीतून तिला दिसलं, तुळसा पिशवी घेऊन बाहेर आली. तिने पदर नीट केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि तिची नजर कलावतीच्या दारावर थांबली. मग ती त्या माणसांच्या मागोमाग खाली उतरली. एका हाताने भिंतीचा आधार घेत, सावकाश. लक्ष्मी पोराला कडेवर घेऊन रडत होती. कलावती दार उघडून बाहेर गेली नाही.

कोलशेतला खाडीच्या बाजूला बांधून पडलेला एक टॉवर होता, तिथे संशयितांना ठेवत होते. तीन दिवसांनी लक्ष्मी धावत आली. ओढणी गळ्यात, पायात चप्पल नाही. लांबूनच सांगत आली की रिपोर्ट आला, आईंना काही नाही, निगेटिव्ह आहे. तिने मुठीत साखर आणली होती. तिने ती कलावतीच्या हातावर ठेवली आणि वर पाहिलं.

आणि कलावतीचा चेहरा पडलेला तिला दिसला.

अगदी क्षणभरच. लगेच कलावती हसली, बरं झालं म्हणाली, देवाला हात जोडले. पण लक्ष्मी मागे सरकली होती. तिला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. ती निघून गेली. कलावती दारात उभी राहिली. हातातली साखर घामाने चिकट झाली होती. आपली वीस वर्षांपासूनची मैत्रीण धडधाकट आहे हे ऐकून आपल्याला वाईट वाटलं. हे तिला इतकं स्पष्ट कळलं की ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. सगळं बंद झालं तेव्हा तिला धक्का बसला होता, कचेरीत बसला होता, पण ते बाहेरचे होते. हा आतून आला होता, आणि तो सांगायला जगात कुणी नव्हतं.

धोंडीबाला सांगावं असं तिला वाटलं. त्याने विचारलंही, काय झालं म्हणून. ती म्हणाली, ऊन लागलं.

तुळसा लगेच परत आली असती तर ही गोष्ट इथेच मिटली असती. पण घरी पोचवायच्या गाड्या कमी होत्या, सोडण्याच्या कागदावर सही करायला डॉक्टर नव्हता, आज सोडतो उद्या सोडतो करत तिला तिथेच ठेवलं. एका खोलीत सहा जणी, त्यातल्या दोघी तापाने फणफणलेल्या. आठवड्याने तुळसालाही ताप चढला. पुन्हा तपासलं, तर या वेळी पॉझिटिव्ह. रोग तिने टेकडीवरून नेला होता आणि पहिल्या तपासणीत सापडला नाही, की तिथेच लागला, हे कुणीही सांगू शकलं नसतं. कलावतीने मात्र त्याचा निकाल स्वतःपुरता लावून टाकला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. तिला हसू येणं शक्य नव्हतं.

आणि मग सरकार धावलं. खोटं वाटेल, पण खरोखर धावलं. त्याच दिवशी पायऱ्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकले, औषध फवारलं, फलक लावला. दुसऱ्या दिवशी फिरत्या संडासाच्या दोन गाड्या खालच्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. आसावरी मॅडमनी शब्द पाळला. त्यांचा प्रस्ताव वर गेला आणि मंजूर होऊन खाली आला. ज्या फायलीला पाच वर्षं लागली तिला तुळसाच्या फुप्फुसांनी आठवड्यात पळवलं. उत्तम पास मिळवून कल्याणहून येऊ लागला. मजूर नव्हते, तर बंद कारखान्यांतले टेकडीवरचेच कामगार त्याने रोजावर घेतले, त्यामुळे घरात पैसाही आला. भिंती वर चढू लागल्या तशी कलावती पुन्हा चांगली झाली. बायका येऊन म्हणायला लागल्या, बाई, तुझ्यासारखी तूच. लोकांचं काही सांगू नये. ती त्यांना हो म्हणायची नाही आणि नाही म्हणायची नाही.

तुळसा ऑक्सिजनवर होती. कलावती रोज लक्ष्मीच्या दारावरून जाताना थांबायची आणि विचारायची. लक्ष्मी उत्तर द्यायची, पण तिच्याकडे न बघता. एकदा रात्री धोंडीबाने पाहिलं, बायको देवासमोर बसून पुटपुटत होती. तो जवळ गेला तेव्हा त्याला ऐकू आलं, ‘मला ने, तिला ठेव.’ तो तसाच मागे फिरला.

देवाने दोघींनाही ठेवलं. सव्वा महिन्याने तुळसा घरी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिच्यावर फुलं टाकली. पण ती पायऱ्या चढून आली नाही. तिच्या मुलाने तिला पाठीवर घेऊन आणलं होतं. वजन निम्मं झालेलं, आणि दहा पावलं चाललं की छाती भात्यासारखी चालायची. डॉक्टरने सांगितलं होतं की आता हे असंच राहील. दारात खुर्ची टाकून ती बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगायची. कलाने फोन केला म्हणून मी वाचले. गाडीवाल्यानेच सांगितलं मला, कलावतीबाईंनी कळवलं. घरच्यांनी माझ्या मायेने लपवलं असतं आणि मी मेले असते. सख्खी बहीण करणार नाही ते कलाने केलं.

हे ती सगळ्यांदेखत सांगायची, कलावतीदेखतसुद्धा. आत चुलीशी लक्ष्मी काम करत असायची आणि तिचा हात थांबायचा. कलावतीला वाटायचं, शिव्या परवडल्या. दारावर थुंकणाऱ्या बायका परवडल्या. तिने तुळसाकडे जाणं कमी केलं, तर तुळसाच निरोप पाठवायची, कला रागावली का म्हणून.

गणपतीच्या आधी संडास तयार झाला. दोन मजले, पांढऱ्या फरशा, आत नळ, आत दिवा. टेकडीवरच्या माणसांनी एकमताने ठरवलं की नारळ तुळसाने फोडायचा. पण संडास वस्तीच्या माथ्यावर, आणि तुळसाला तर चार पायऱ्या चढवत नव्हत्या. खुर्चीत बसवून उचलून न्यायचं ठरलं. सगळे वर जमले. तुळसा तयार आहे का बघायला कलावतीला खाली पाठवलं. लक्ष्मी पोराला घेऊन आधीच वर गेली होती.

तुळसा खुर्चीत बसली होती. लग्नकार्याला नेसायचं हिरवं लुगडं, केस चोपडून बांधलेले. कलावतीला बघून तिचा चेहरा उजळला. “अगं, मी चढू शकत नाही आणि उद्घाटन मीच करायचं,” ती धापा टाकत हसली. “रोजचं काय? मला तर घरात भांडंच घ्यावं लागतं. लक्ष्मी टाकते बिचारी.”

एवढे दिवस धरून ठेवलेलं कलावतीला आता धरवेना. ती तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“तुळसाबाय, मी तुझ्यासाठी नव्हता फोन केला. संडासासाठी केलेला. वस्तीत पेशंट असल्याशिवाय निधी सुटणार नव्हता. कचेरीत सांगितलं मला. तू खोकत होतीस, म्हणून तुझं नाव दिलं. आणि पहिला रिपोर्ट चांगला आला तेव्हा... मला वाईट वाटलेलं. त्यांनी तुला तिथं ठेवलं म्हणून तुला लागलं असेल. माझ्यामुळं.”

तुळसाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, जणू ते काढायचं कसं ते तिला कळेना. बाहेर पायऱ्यांवर माणसांचे आवाज येत होते. ती कलावतीच्या तोंडाकडे बघत होती. तिचा श्वास घरघरत होता आणि कलावतीला तेवढंच ऐकू येत होतं. आता ती ओरडेल, हाकलून देईल, लक्ष्मीला हाक मारेल, असं कलावतीला वाटलं. तसं झालं असतं तर तिने ते आनंदाने घेतलं असतं.

“मला विचारायचंस तरी, कले,” तुळसा म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच ऐकवेना. “एवढ्या पोरी पाणी पीत नव्हत्या. मला दिसत नव्हतं का? तू म्हणाली असतीस, तुळसाबाय, असं असं आहे, जाशील का? मी माझ्या पायाने गेले असते.”

इतक्या दिवसांत, इतक्या रात्रींत, हे कलावतीच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

खुर्ची उचलायला दोघे जण दारात येऊन उभे राहिले. तुळसाने लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

“चला,” ती त्यांना म्हणाली. “सकाळपासून दाबून बसलेय मी.”